केंद्र की संघ? : रत्नागिरीतून वाचलेली सातवी अनुसूची

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात माझ्या आत्याच्या घरापुढचे अंगण गेले. संगमेश्वर तालुक्यातले जुने घर, पुढे फणसाचे झाड आणि त्यापलीकडे रस्ता. नोटीस आली तेव्हा ती वाचून दाखवायला मी गेलो होतो. सगळे ऐकून घेतल्यावर आत्याने एकच प्रश्न विचारला, "हे पत्र कुणाचं रे? मुंबईचं की दिल्लीचं?"

राज्यशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. तरी मला चटकन उत्तर देता आले नाही. कागदावर सही प्रांताधिकाऱ्यांची, म्हणजे राज्याच्या महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याची. अधिसूचना मात्र भारताच्या राजपत्रातली. कायदा संसदेचा, १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम. जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात. मोबदल्याचा पैसा दिल्लीहून यायचा आणि त्याचे वाटप प्रांत कार्यालयातून व्हायचे. "दोघांचं आहे, आत्ये," मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे भांडायचं कुणाशी, ते ठरलेलं नाही."

वर्गात मी केंद्र-राज्य संबंध हे प्रकरण वर्षानुवर्षे शिकवले. कायदेविषयक संबंध, प्रशासकीय संबंध, आर्थिक संबंध असे तीन मथळे आणि प्रत्येकाखाली पाच मुद्दे. विद्यार्थी उत्तीर्ण होत. पण आत्याचा प्रश्न त्या तीन मथळ्यांत कुठेच बसत नव्हता. तेव्हापासून मी भारतीय संविधानाची सातवी अनुसूची एखादी संहिता वाचावी तशी पुन्हा वाचू लागलो. मराठीत या विषयावर लिहिताना आपण कोणते शब्द वापरतो आणि ते शब्द काय दाखवतात, काय झाकतात, हेही तपासू लागलो. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे टिपण आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठीने दिल्लीसाठी 'केंद्र' हा शब्द निवडला आणि त्याबरोबर उत्तरदायित्वाचा एक चुकीचा नकाशाही स्वीकारला. तो नकाशा रत्नागिरीच्या जमिनीवर ठेवून पाहिला की त्याच्या चुका दिसतात.

तीन शब्द

इंग्रजी संविधानात 'फेडरेशन' हा शब्द भारताच्या वर्णनासाठी वापरलेला नाही. तिथे 'युनियन' आहे. हा योगायोग नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी या निवडीचे कारण सांगितले. भारतातील घटकराज्यांनी आपसात करार करून हा देश निर्माण केलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा सारांश. रचना संघराज्यासारखी, पण नाव मुद्दाम वेगळे.

आता मराठी पाठाकडे यावे. संविधानाच्या अधिकृत मराठी अनुवादात पहिल्या अनुच्छेदात भारताला राज्यांचा 'संघ' म्हटले आहे. पण त्याच भागाच्या शीर्षकात आणि पुढे ठिकठिकाणी 'युनियन'साठी 'संघराज्य' हा शब्द आहे. मराठी राज्यशास्त्रात 'संघराज्य' हा 'फेडरेशन'चा रूढ प्रतिशब्द आहे. म्हणजे जो शब्द संविधानकारांनी विचारपूर्वक टाळला, तोच मराठीत मागच्या दाराने आत आला. आंबेडकरांनी सांगितलेला भेद मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडे, कारण दोन्ही बाजूंना फळ्यावर एकच शब्द लिहावा लागे.

तरीही हा गोंधळ सहन करता येतो. खरी अडचण तिसऱ्या शब्दाची आहे. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत आपण 'संघ' म्हणत नाही, 'संघराज्य'ही म्हणत नाही, 'केंद्र' म्हणतो. इंग्रजी वृत्तपत्रांत निदान 'युनियन मिनिस्टर' आणि 'युनियन बजेट' टिकून आहेत. मराठीत ते केंद्रीय मंत्री आणि केंद्रीय अर्थसंकल्प होतात. संविधानात जे प्रदेश 'युनियन'चे आहेत, ते आपल्याकडे केंद्रशासित. 'युनियन'चा लोकसेवा आयोग आपल्या तोंडी केंद्रीय लोकसेवा आयोग. संविधानातला शब्द आपण एकेक करून बदलून टाकला आणि बदलल्याचे लक्षातही आले नाही.

शब्दाने एवढे काय होते, असे वाचक विचारतील. मराठी माणसाच्या रोजच्या वापरात 'केंद्र' म्हणजे काय, ते पाहावे. प्राथमिक आरोग्य केंद्र, परीक्षा केंद्र, मतदान केंद्र. आपण उठून जिथे जायचे, रांग लावायची आणि कुणीतरी आत बोलावण्याची वाट पाहायची, ती जागा. उलट 'संघ' म्हटले की तालुक्याचा खरेदी-विक्री संघ किंवा दूध संघ आठवतो. तो सभासदांमुळे असतो. तो कितीही मोठा झाला, अध्यक्ष कितीही मिजासखोर निघाला, तरी वार्षिक सभेत उठून हिशेब मागण्याचा हक्क सभासद सोडत नाही. एका शब्दात आपण अर्जदार असतो, दुसऱ्यात सभासद. भूमितीत तर केंद्र हा एक बिंदू आणि बाकी सगळा परीघ. संविधानाने राज्यांना परीघ म्हटलेले नाही.

'केंद्र' आले कुठून?

या शब्दाची वंशावळ वसाहतकाळात सापडते. १९१९ च्या कायद्याखाली विषयांची विभागणी झाली, तेव्हा 'सेंट्रल' आणि 'प्रोव्हिन्शियल' असे दोन वर्ग पडले. प्रांतांना जे मिळाले ते वरून सोपवलेले होते, त्यामुळे त्या व्यवस्थेला 'केंद्र' हे नाव शोभून दिसे. १९३५ च्या कायद्याने 'फेडरेशन'चा आराखडा आणि तीन याद्या आणल्या. संस्थानिक सामील न झाल्याने ते संघराज्य कागदावरच राहिले. प्रांतांत निवडून आलेली सरकारे आली, पण दिल्लीत जुनीच घडी चालू राहिली.

त्या विसंगतीचा अनुभव रत्नागिरीत जन्मलेल्या एका माणसाने मुख्य खुर्चीत बसून घेतला. बाळ गंगाधर खेर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. दोन वर्षांनी व्हाइसरॉयने प्रांतिक सरकारांना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले आणि १९३९ च्या अखेरीस खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. राजीनामा देण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरले नव्हते, हाच त्या व्यवस्थेचा पुरावा.

१९५० मध्ये संविधानाने शब्द बदलला, व्यवहाराने बदलला नाही. त्याचे एक तांत्रिक कारण आहे. कायद्यांतील शब्दांचे अर्थ ठरवणारा १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम चालूच राहिला आणि त्यात 'सेंट्रल गव्हर्नमेंट'ची व्याख्या आहे. त्यामुळे संसदेचे कायदे आजही त्याच शब्दात लिहिले जातात. २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने तर हा शब्द संविधानाच्या मजकुरातच आणून बसवला. वस्तू व सेवा कर परिषदेच्या मतांचे वजन सांगणारा अनुच्छेद इंग्रजीत वाचावा. तिथे एक तृतीयांश वजन 'सेंट्रल गव्हर्नमेंट'चे आणि दोन तृतीयांश सर्व राज्यांचे मिळून आहे. निर्णयाला तीन चतुर्थांश वजन लागते. म्हणजे सगळी राज्ये एकत्र आली तरी दिल्लीशिवाय निर्णय होत नाही. जिथे अंकगणित खरोखर केंद्राचे झाले, तिथे शब्दही केंद्राचा आला. मसुदाकारांनी हे ठरवून केले असे मी म्हणत नाही, पण मजकूर वाचणाऱ्याला ही जुळणी दिसल्यावाचून राहत नाही.

माझ्या म्हणण्याला एक सबळ आक्षेप आहे आणि तो इथेच नोंदवायला हवा. खुद्द डॉ. आंबेडकर भाषणांत 'सेंटर' म्हणत. संविधान सभेत सगळेच म्हणत. मग मराठीलाच दोष का? याचे उत्तर २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्यांच्या भाषणात आहे. राज्ये आपल्या कायदे करण्याच्या आणि अंमलबजावणीच्या अधिकारांसाठी केंद्रावर अवलंबून नाहीत, या बाबतीत दोघे समान पातळीवर आहेत, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. त्यांनी शब्द वापरला, पण त्यातले श्रेष्ठत्व काढून टाकून. आपण शब्द ठेवला आणि त्यांचा खुलासा विसरलो.

हद्द समुद्रात लागते

सातव्या अनुसूचीत मुळात संघ सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. वर्गात त्या तीन रकाने आखून शिकवतात. विद्यार्थ्याला वाटते, तीन कपाटे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे आहे. रत्नागिरीत राहणाऱ्याला हे चित्र पटू नये.

मिरकरवाडा बंदरातून पहाटे सुटणारी होडी घ्या. मत्स्यव्यवसाय राज्य सूचीत आहे, एकविसावी नोंद. प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी संघ सूचीत, सत्तावन्नावी नोंद. प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर. तिथपर्यंत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम चालतो, त्यापुढे दिल्लीचे नियम. गंमत अशी की, बारा मैलांच्या आतही पाण्यातला मासा राज्याच्या विषयात, पण त्याच पाण्याखालची खनिजे अनुच्छेद २९७ प्रमाणे संघाच्या मालकीची. म्हणजे जाळे एका सरकारच्या हद्दीत आणि नांगर दुसऱ्याच्या. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्या भांडणात किंवा परराज्यातल्या वेगवान ट्रॉलरच्या तक्रारीत पहिला प्रश्न हाच येतो : नौका रेषेच्या अलीकडे होती की पलीकडे? पाण्यावर तर रेष उमटत नाही.

जमिनीवरही तेच. अणुऊर्जा हा संघ सूचीतला विषय, सहावी नोंद. त्यानुसार राजापूर तालुक्यात माडबनला ९,९०० मेगावॉटचा जैतापूर प्रकल्प ठरला. पण जमीन राज्य सूचीत, भूसंपादन समवर्ती सूचीत, पोलीस राज्य सूचीत आणि ज्या खाडीबद्दल मच्छीमारांना धास्ती होती ती मासेमारीही राज्य सूचीत. पर्यावरणाची मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये दिल्लीने दिली, फ्रान्सशी करारही दिल्लीने केला. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एकाचा जीव गेला, तेव्हा बंदूक राज्याच्या पोलिसांच्या हातात होती. ज्यांनी ठरवले त्यांना गावात यावे लागले नाही आणि जे गावात आले त्यांनी ठरवले नव्हते. तीन कपाटांच्या चित्रात हे मावत नाही. संघ सूचीतला कोणताही प्रकल्प जमिनीवर उतरायचा तर त्याला राज्याच्या पायांनीच चालावे लागते.

याचा उलटा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. राज्य थांबले की दिल्लीचा प्रकल्पही थांबतो. नाणार परिसरातल्या रिफायनरीसाठी तीन सरकारी तेल कंपन्या एकत्र आल्या. तेल हा संघ सूचीतला विषय. तरी राज्याने स्वतःच्या औद्योगिक विकास कायद्याखाली २०१७ मध्ये काढलेली भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये मागे घेतली आणि प्रकल्प त्या जागी थिजला. पुढे बारसूची जागा राज्यानेच सुचवली आणि २०२३ मध्ये तिथे माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा बंदोबस्तही राज्याचाच होता. परिघावरच्या कुणाला असे होकार-नकार देता येत नाहीत. मात्र 'केंद्राचा प्रकल्प' हे शब्द उच्चारले की राज्याचा होकार दिसेनासा होतो. राज्याच्या पुढाऱ्यांना हा शब्द सोयीचा वाटत असल्यास नवल नाही.

दाभोळचे प्रकरण याच दृष्टीने पुन्हा वाचावे. वीज समवर्ती सूचीत, अडतिसावी नोंद. जून १९९२ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनशी समझोता केला. मंडळाच्या देण्याला राज्याची हमी आणि राज्याच्या हमीला दिल्लीची प्रतिहमी. १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने करार रद्द केला, मग फेरवाटाघाटी करून तो पुन्हा मान्य केला. प्रतिहमीला मान्यता देण्याचे काम मे १९९६ मध्ये १३ दिवस टिकलेल्या सरकारने जाता जाता उरकले. मंडळाला बिले परवडेनाशी झाली, तेव्हा २००१ मध्ये कंपनीने ती प्रतिहमी वटवायला काढली. त्याच वर्षी प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ आणि गेल या कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी राहिली. या काळात मुंबईतही आणि दिल्लीतही निरनिराळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली. हमीची साखळी एवढी लांब होती की प्रत्येकाला पुढच्या कडीकडे बोट दाखवता आले. आपल्या राजकीय लेखनात हे प्रकरण परकीय कंपनीची कथा म्हणून पुष्कळ आले आहे. दोन सरकारांनी एकमेकांच्या आडोशाने सही करण्याची कथा म्हणून ते मला फारसे वाचायला मिळाले नाही.

सभासदांची रेल्वे

याच जिल्ह्यात दुसरे उदाहरणही आहे. ते नसते, तर माझा 'संघ' हा शब्द नुसता शब्दच राहिला असता.

रेल्वे संघ सूचीत आहे, बाविसावी नोंद. म्हणजे कोकणात रेल्वे आणायची की नाही, हे संपूर्णपणे दिल्लीने ठरवायचे. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. ते १९७७ मध्ये रेल्वेमंत्रीही झाले. तरी पूर्ण मार्ग झाला तो निराळ्या वाटेने. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भागभांडवलात भारत सरकार ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५ आणि गोवा व केरळ प्रत्येकी ६. केरळात या मार्गाचे रूळ नाहीत, तरी तो भागीदार झाला, कारण मुंबईला जाणारे त्याचे लोक याच वाटेने येणार होते. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बोगदे आणि पूल उभे राहिले आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला.

संविधानाने राज्यांना रेल्वेत काही अधिकार दिलेला नव्हता. पैसा घालून त्यांनी तो मिळवला आणि ज्याला खऱ्या अर्थाने 'राज्यांचा संघ' म्हणता येईल अशी एक संस्था उभी राहिली. मोठा सभासद ५१ टक्क्यांचा आहे, हे खरे. पण लहान सभासदालाही सभेची नोटीस येते.

या मांडणीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. महामंडळावर कर्जाचा बोजा राहिला. दुपदरीकरण, नवी स्थानके, फलाटांची दुरुस्ती यांसाठी पैसा अपुरा पडू लागला. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून इतर विभागांना जसे मिळते तसे इथे मिळत नाही, ही तक्रार वाढली. अखेर भारतीय रेल्वेत विलीनीकरणाचा प्रस्ताव आला आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही त्याला संमती दिली. अटी दोन : राज्याने घातलेले भांडवल परत मिळावे आणि 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे. मी ती बातमी दोनदा वाचली. सभासदत्व परत करताना आपण पैसे आणि नाव मागितले. निर्णयातला वाटा मागितला नाही. विलीनीकरणाने गाड्या वाढतील, फलाट सुधारतील, कदाचित ते व्यवहार्यही असेल. पण या संस्थेत राज्ये अर्जदार नव्हती, एवढी नोंद तरी तिला निरोप देताना व्हायला हवी.

मुंबई हेही केंद्रच

इथवर वाचून कुणाला वाटेल, लेखकाचे गाऱ्हाणे दिल्लीशी आहे. तसे असते तर लेख सोपा झाला असता.

महाराष्ट्राच्या मनात दिल्लीबद्दलची अढी १९५६ ची आहे आणि ती निराधार नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ ने संसदेला दिला आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, मानावे लागत नाही. मुंबईच्या विधिमंडळाकडे मतासाठी आलेल्या विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई असे तीन घटक होते. संसदेने संमत केले ते द्विभाषिक राज्य. त्याविरुद्धचा बाबूलाल पराते यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. पुन्हा मत मागवण्याची गरज नव्हती, असा निकाल १९५९ मध्ये लागला. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्येच राजीनामा दिला होता. या सगळ्याने दुखावलेले राज्य १९६० मध्ये जन्मले आणि अवघ्या दोन वर्षांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे आपण अभिमानाने सांगू लागलो. राग आणि अभिमान, दोन्हींत दिल्ली केंद्रस्थानीच राहिली.

पण रत्नागिरीतून पाहिले तर वाक्याचा कर्ता बदलतो. १ मे १९८१ रोजी या जिल्ह्याचा दक्षिण भाग काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. प्रशासनाच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण त्याचा निर्णय मुंबईत झाला. जिल्ह्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. राज्याच्या सीमेबाबत संसदेला निदान विधिमंडळाचे मत मागवणे भाग असते. दिल्लीला आपण जे प्रश्न विचारतो, ते मंत्रालयाला विचारायला विसरतो.

पश्चिम घाटाच्या अहवालाने तर आपली ठरलेली बाजूच उलटवली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची समिती २०१० मध्ये दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाने नेमली. २०११ च्या अहवालात संवेदनशील क्षेत्राचे निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावेत, असा आग्रह होता आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रदूषणकारी उद्योगांना आवर घालण्याच्या शिफारशी होत्या. त्याला विरोध झाला तो राज्यांकडून. म्हणजे दिल्लीने नेमलेली समिती गावाला विचारा म्हणत होती आणि आपल्या जवळचे सरकार नको म्हणत होते. पुढे कस्तुरीरंगन समिती आली आणि २०१४ पासून मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात जागा दिली, पण ती सभासदाची की अर्जदाराची, हे इथे अजून ठरलेले नाही. प्रकल्पविरोधी ठराव या जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी केले. त्या ठरावांना बांधील राहण्याची सक्ती ना दिल्लीवर आहे ना मुंबईवर.

तेव्हा 'केंद्र' हे एका शहराचे नाव नाही. तो एक पवित्रा आहे. वरच्याने खालच्याशी वागण्याचा तो जसा आहे, तसाच खालच्याने स्वतःकडे पाहण्याचाही. पाणी हा राज्य सूचीतला विषय. जलजीवन मिशनमध्ये महाराष्ट्रात निम्मा पैसा राज्याचा आहे. तरी लोक त्या नळाला 'केंद्राची योजना' म्हणतात आणि नळाला पाणी आले नाही की ग्रामपंचायतीला शिव्या घालतात. श्रेय वर चढते, दोष खाली उतरतो. दोन्ही प्रवासांत राज्य सरकार मधल्या मध्ये सुटते.

आत्याचा प्रश्न

महामार्गाकडे परत येतो. रस्ता एकच, क्रमांक सहासष्ट. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे गेला. इंदापूरपासून झारापपर्यंतचे काम, म्हणजे आमचा सगळा जिल्हा, दिल्लीच्या मंत्रालयासाठी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाने करायचे ठरले. मालक दिल्ली, राबवणारे राज्य, खोदणारे ठेकेदार. दशकाहून अधिक काळ रखडलेल्या या रस्त्यावर गणपतीला येणारा चाकरमानी खड्ड्यात आपटला की 'सरकार' म्हणून शिवी हासडतो. त्याने कोणते सरकार म्हणायचे, हे त्याला कुणीच सांगितलेले नाही. मी वर्गात शिकवलेल्या तीन मथळ्यांनीही सांगितले नाही.

आपल्या राजकीय गद्याने एक साधी सवय लावून घेतली तरी पुष्कळ होईल. 'केंद्राचा प्रकल्प', 'केंद्राचा निधी' असे लिहिण्यापूर्वी थांबून तीन गोष्टी लिहाव्यात : कायदा कुणाचा, पैसा कुणाचा, सही कुणाची. जिथे तिन्ही उत्तरे वेगळी येतात, तिथेच बातमी असते आणि तिथेच बहुधा अन्यायही असतो. 'संघ' हा शब्द पुन्हा रूढ होईल, अशी मला आशा नाही. भाषा अशा विनंतीने वळत नाही. पण 'केंद्र' म्हणताना आपण त्या वर्तुळाच्या बाहेर उभे नाही, एवढे भान राहिले तरी शब्दाची धार बोथट होईल.

आत्याच्या मोबदल्याचे प्रकरण पुढे लवादापर्यंत गेले. या कायद्याखालचा लवादही दिल्लीच नेमते आणि तिथेही समोर बसतो तो राज्याचाच अधिकारी. मी तिच्यासाठी अर्ज लिहिला. वरचा पत्ता लिहिताना पेन अडखळले. शेवटी दोन प्रती काढल्या, एक मुंबईला आणि एक दिल्लीला. आत्याने दोन्हींवर सावकाश, सुवाच्य सही केली आणि म्हणाली, "पोच दोघांचीही घे हां. नाहीतर उद्या म्हणतील, आम्हाला काही आलंच नाही."

दोन्ही पोचा तिच्या ट्रंकेत आहेत.